डांबर, पाणी आणि एक हमीपत्र

डांबराचा पहिला वास मला रस्त्यावर आला नाही, आईच्या ट्रंकेत आला. पुण्यात पावसाळा संपला की आई ट्रंक उन्हात उघडी टाकायची आणि लोकरीच्या कपड्यांच्या घड्यांतून पांढऱ्याशुभ्र डांबरगोळ्या घरंगळत बाहेर यायच्या. पांढऱ्या वस्तूला डांबराचं नाव का, असा प्रश्न मला त्या वयात पडला होता आणि त्याचं उत्तर घरात कुणाकडेही नव्हतं. ते मिळालं वयाच्या तिशीत, भोरला, एका अभियंत्याकडून, बँकेच्या चहाच्या टेबलावर. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून वायू काढला की मागे जो काळा राडा उरतो ते खरं डांबर, आणि त्याचंच ऊर्ध्वपातन करताना या पांढऱ्या गोळ्यांचा पदार्थ हाती येतो. म्हणजे आईची शाल आणि गावचा रस्ता ही एकाच घरची भावंडं होती म्हणायची.

मी १९८८ सालच्या जून महिन्यात आमच्या बँकेच्या भोर शाखेत शाखाधिकारी म्हणून रुजू झालो. ज्यांनी भोर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर, पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी, नीरेकाठचं टुमदार गाव. संस्थान १९४८ साली विलीन झालं. राजवाडा राहिला आणि पुढे सिनेमावाल्यांना सापडला. जवळच भाटघरचं धरण आणि त्यामागे पसरलेला येसाजी कंक जलाशय. पण भोर-वेल्ह्याचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तिथला पाऊस. पूर्वेला किकवी-सारोळ्याकडे शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसलेला असतो, त्याच दिवशी पश्चिमेला हिर्डोशीच्या पुढे वरंधा घाटाच्या तोंडाशी हाताचं बोट दिसत नाही असा पाऊस कोसळत असतो. एकाच तालुक्यात दोन मुलूख. वेल्ह्याची तऱ्हा तीच. नसरापूर सोडून विंझर-मार्गासनीकडे निघालं की दर पाच किलोमीटरला पाऊस एकेक पायरी चढत जातो, आणि तोरण्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत छत्री ही केवळ शिष्टाचाराची वस्तू उरते.

शाखेत कामं ठरलेली. भातपिकाची कर्जं, म्हशी, विहिरीची इंजिनं, किराणा दुकानं. अंगठे उमटवून घेता घेता आमच्या शिपायाची शाईची गादी महिन्याला संपायची. आणि जानेवारी उजाडला की कंत्राटदारांची वर्दळ. मार्चअखेरीच्या आत रस्ते ‘पाडायचे’ असत. त्यांना बँकेची हमीपत्रं लागत, बिलांवर उचल लागे, पिंपं आणायला रोख लागे. शेजारच्या इमारतीत रस्त्यांचं काम पाहणारा एक शाखा अभियंता बसत असे. आम्ही दोघंही ‘शाखा’वाले म्हणून आमची दोस्ती जमली. संध्याकाळी पाचला तो चहाला यायचा. मी त्याला चक्रवाढ व्याज समजावून द्यायचो आणि तो मला डांबर. देवघेवीत फायदा माझाच झाला, कारण व्याज हे शेवटी व्याजच, पण डांबराइतका चमत्कारिक पदार्थ मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

त्यानं पहिल्याच दिवशी मला दुरुस्त केलं. रस्त्यावर आज आपण जे ओततो ते मुळात डांबर नव्हेच, ते बिटुमेन. कोळशाचं नव्हे, खनिज तेलाचं पोर. तेलशुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, रॉकेल, डिझेल असं एकेक हलकं द्रव्य काढून घेतलं की तळाशी जो गाळ उरतो तो हा. मुंबईत ट्रॉम्ब्याला १९५४ आणि १९५५ साली दोन मोठे कारखाने सुरू झाले आणि रस्त्याचं हे काळं सोनं महाराष्ट्राच्या दाराशी आलं. कोळशाचं डांबर रस्त्यावरून गेलं. ते माणसाच्या कातडीला आणि फुप्फुसाला घातक असल्याचंही पुढे सिद्ध झालं. पण आपल्या भाषेनं जुनं नाव सोडलं नाही, आणि मीही इथे डांबरच म्हणणार आहे. भाषेनं या बिचाऱ्याची दुसरीही एक कुचेष्टा केली आहे. लबाड माणसाला आपण ‘डांबरट’ म्हणतो. अभियंता म्हणायचा, ‘‘साहेब, डांबरासारखी सरळ वस्तू नाही. ते तुम्ही जसं वागवाल तसं वागतं. डांबरट असतो तो आजूबाजूचा कारभार.’’

घट्ट दिसणारं हे द्रव्य खरोखर घट्टही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली एका प्राध्यापकानं डांबराच्याच जातीचा, हातोड्यानं ठोकला तर काचेसारखा फुटणारा पदार्थ नरसाळ्यात भरून ठेवला. तो तिथे आजही आहे. दहा-बारा वर्षांत एखादा थेंब खाली पडतो. नववा थेंब २०१४ साली पडला. म्हणजे ते वाहतंय, फक्त आपल्याला बघायला वेळ नाही. एप्रिलच्या दुपारी कापूरहोळच्या रस्त्यावर चप्पल रुतते तेव्हा हाच स्वभाव प्रकट होतो. म्हणून त्याची परीक्षाही मजेदार. पंचवीस अंश तापमानाला ठेवलेल्या नमुन्यावर शंभर ग्रॅम भाराची सुई पाच सेकंद टेकवायची आणि ती किती खोल गेली ते मोजायचं. मिलिमीटरचा दहावा हिस्सा हे एकक. आमच्या वेळी ‘ऐंशी-शंभर’ आणि ‘साठ-सत्तर’ अशी प्रत बोलली जायची ती यावरून. सुई जितकी कमी रुते तितकं डांबर कठीण. २००६ नंतर आपल्याकडे सुईऐवजी चिकटपणावरून प्रत ठरवायची पद्धत आली, पण जुने कंत्राटदार अजून ऐंशी-शंभरच म्हणतात.

मला सर्वांत धक्का बसला तो प्रमाणाचा. डांबरी रस्ता म्हणजे डांबराचा रस्ता, असा माझा समज. प्रत्यक्षात त्या काळ्या थरात वजनानं शेकडा चार-पाच भागच डांबर असतं, बाकी सगळी खडी. खेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरचा थर असतो वीस मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढा. पावणेचार मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता धरला तर सगळे हात मिळून नऊ-दहा टन डांबर लागतं. साठेक पिंपं. मी बँकेतला माणूस असल्यानं मनातल्या मनात लगेच हिशेब केला की दर दहा पिंपांतलं एक पिंप वाटेत उतरलं तर किती होतील. अभियंता हसला आणि म्हणाला, ‘‘तुमच्या आधी फार जणांनी हा हिशेब केलाय. पण रस्ता त्यानं मरतो असं समजू नका. त्यानं आजारी पडतो. मरतो दुसऱ्याच कशानं तरी.’’

त्या दुसऱ्या गोष्टीकडे येतोच, पण त्याआधी भट्टीजवळ थोडं थांबायला हवं, कारण कादंबरीकार म्हणून मला जे काही मिळालं ते तिथे मिळालं. त्या काळी आमच्या भागात मोठी यंत्रं क्वचित दिसत. रस्त्याच्या कडेला पिंपं छिन्नी-हातोड्यानं फोडायची, डांबर बॉयलरमध्ये टाकायचं, खाली लाकडं पेटवायची. डांबर दीडशे-साठ अंशांपर्यंत तापवायचं असतं. त्याच्या फार पुढे गेलं की त्यातला चिकटपणा जळतो आणि रस्ता पहिल्या थंडीतच तडकतो. तापमापक कुठे असायचा, कुठे नसायचा. बॉयलरवरचा म्हातारा धूर बघून सांगायचा. निळसर धूर यायला लागला की लाकडं ओढा. फोडणी करपल्याचं जसं आपल्या घरातल्या बायकांना ओट्याकडे पाठ असतानाही कळतं, तसं ते होतं. ही माणसं बहुतेक कर्नाटक-तेलंगणातून आलेली. बायकांच्या पायांना गोणपाट गुंडाळलेलं, त्यावर टायरचे तुकडे बांधलेले. घमेल्यातून गरम खडी वाहायची. अंगावर डांबर उडालं तर ते ओढून काढायचं नसतं, कातडी त्याबरोबर येते. भरपूर गार पाणी ओतायचं आणि दवाखाना गाठायचा. त्या बायकांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या हातांवरच्या डागांवरून त्या ते शिकलेल्या होत्या. झाडाला बांधलेल्या झोळीत मूल आणि शंभर पावलांवर काळा धूर, हे दृश्य मी एका कादंबरीत वापरलं. परीक्षणात एकानं लिहिलं की ते अतिरंजित आहे. त्याला एकदा मार्च महिन्यात आमच्याकडे न्यायला हवं होतं.

आता पाण्याकडे. डांबराचा मानवाशी संबंध आला तो रस्त्यासाठी नव्हे, पाण्यासाठी. मोहेंजोदडोचं ते प्रसिद्ध स्नानकुंड सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं असतं. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद. त्यातलं पाणी भिंतींत मुरू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा बोटभर जाड थर दिलेला सापडला. साडेचार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबिलोनच्या भिंतींतही विटा जोडायला ते वापरलेलं होतं. आमच्याकडे, भोर-वेल्ह्याच्या घरांत, हीच विद्या निराळ्या रूपानं चालू होती. मेढ जमिनीत पुरायची तर तिचा तळ डांबरानं माखायचा, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही लांब. पश्चिमेच्या अंगाला भिंतीचा हात-दीड हात भाग काळा फासलेला. पत्र्याच्या खिळ्यांवर डांबराचे ठिपके. जलाशयातल्या होड्या मे महिन्यात काठावर पालथ्या घालून त्यांची पोटं काळी करायचे. पावसाच्या मुलखात डांबर हे काजळासारखं घरोघरी होतं.

मग मी अभियंत्याला विचारलं, जे द्रव्य हजारो वर्षं पाणी अडवतं, होडीला तरंगतं ठेवतं, ते वेल्ह्याच्या रस्त्यावर चार महिने का टिकत नाही?

त्याचं उत्तर माझ्या डोक्यात पक्कं बसलं. कुंडातला थर दोन विटांच्या मध्ये निवांत झोपलेला आहे. होडीवरचा थर अखंड आहे. रस्त्यावरचा वीस मिलिमीटरचा थर मात्र सच्छिद्र असतो, आणि पाणी त्याच्या वरून कमी, बाजूनं आणि खालून जास्त येतं. डोंगराच्या कुशीतून पाझरणारं पाणी रस्त्याखालच्या मुरमात शिरतं, माती लोण्यासारखी होते, वरून ट्रक गेला की ते पाणी दाबानं खडीच्या अंगावरचं डांबर सोलत वर येतं. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर खरं तर या बाबतीत गुणी आहे. गारगोटीच्या जातीच्या दगडापेक्षा डांबराला तो अधिक घट्ट धरतो. पण पायच भिजला तर डोक्यावरच्या टोपीनं काय होणार? रस्ता कासवाच्या पाठीसारखा मध्ये उंच हवा, डोंगराच्या बाजूला चर हवा, चरातलं पाणी पलीकडे न्यायला मोरी हवी, आणि मोरीचं तोंड उघडं हवं. ज्याच्या नावानं आपण खडीच्या रस्त्याला ‘मॅकॅडम’ म्हणतो त्या स्कॉटिश जॉन मॅकॅडमनं १८३६ साली डोळे मिटेपर्यंत डांबराला हात लावला नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की खालची जमीन कोरडी ठेवा, ती कोणताही भार पेलेल. डांबर मिसळलेल्या खडीचं पेटंट इंग्लंडात निघालं ते १९०२ साली. म्हणजे मूळ कल्पना कोरड्या जमिनीची. डांबर नंतर आलेलं.

हे सगळं मी चहाबरोबर गिळत होतो आणि त्याच सुमाराला, त्याच शाखेत, माझ्या सहीनं एक गोष्ट घडत होती. गावाचं नाव सांगत नाही, कचेरीचंही नाही. माणसं अजून आहेत.

वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटणारा एक फाटा. डोंगराच्या कडेकडेनं सात किलोमीटर आत एक गाव आणि त्याच्या चार वाड्या. १९८९ च्या मार्चमध्ये तो रस्ता डांबरी झाला. कंत्राटदार आमचाच खातेदार. त्यानं ठेवपावती तारण ठेवली, आणि आम्ही त्याच्या वतीनं कचेरीला हमीपत्र लिहून दिलं : काम सदोष निघाल्यास, आपली लेखी मागणी येताच, कोणताही वाद न घालता रक्कम देऊ. मुदत ३१ मार्च १९९०. त्याच्या पुढच्याच महिन्यात त्या गावातला एक तरुण माझ्यापुढे येऊन बसला. त्याला जुनी जीप घ्यायची होती. वडाप चालवायचं, नसरापूरला दूध आणायचं, अडल्या बाईला दवाखान्यात पोचवायचं. मी स्वतः गाव पाहून आलो. नवा रस्ता काळ्या काचेसारखा चमकत होता. प्रस्तावात मी माझ्या हातानं लिहिलं : ‘रस्त्याचे डांबरीकरण पूर्ण झाले असल्याने दिवसाला चार फेऱ्या शक्य; परतफेडीची क्षमता समाधानकारक.’ कर्ज मंजूर झालं. जीपला हार घालून तो पेढे घेऊन आला.

जीपचं इंजिन मी तपासलं होतं, कागद तपासले होते, दोन जामीनदार तपासले होते. डोंगराच्या बाजूला चर आहे का, हे पाहायचं मला सुचलं नाही. तेव्हा मला एवढं कळतही नव्हतं.

जुलैत डोंगरातलं पाणी रस्त्यावर आलं. ऑगस्टअखेर तीन वळणांवर रस्ता नव्हताच. मी गणपतीच्या सुमाराला गेलो तेव्हा खालच्या भातखाचरात भाकरीएवढे डांबराचे पापुद्रे पडलेले होते. सगळ्यांनी कंत्राटदाराला शिव्या घातल्या, मीही. पण अभियंत्यानं सांगितलं की नमुना काढून द्रावणात धुऊन पाहिला होता, डांबर शेकडा साडेचार भरलं. चोख. जाडी बरोबर. मग? चर आणि मोऱ्या अंदाजपत्रकात निराळ्या शीर्षाखाली होत्या आणि त्या शीर्षाखाली त्या वर्षी पैसे आले नव्हते. डांबर मार्चअखेरीला बसवलं, कारण त्याचे पैसे परत जाणार होते. टोपी आली, जोडे राहिले.

चार फेऱ्यांची एक झाली. पाटे तुटले. दिवाळीनंतर हप्ते थांबले. १९९० च्या मार्चअखेरीच्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन कागद आले. एक कंत्राटदाराचं हमीपत्र. मुदतीत कचेरीकडून मागणी आलेली नव्हती. कशी येणार, काम तर कागदोपत्री निर्दोष होतं. बँकेला स्वतःहून काही करता येत नाही. मी ते रद्द केलं आणि ठेवपावती मोकळी करून दिली. दुसरा कागद जीपवाल्याला पाठवायची नोटीस. दोन्हींवर एकाच पेनानं सही केली. त्या दिवशी मला त्यात काही खटकलं होतं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मार्चअखेर होती. बँकवाल्याला मार्चअखेरीला अंतःकरण नसतं.

त्याच वर्षी केंद्र सरकारनं शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची थकलेली कर्जं माफ केली. जीप शेतीत बसत नव्हती. पावसाळ्याआधी आम्ही ती ओढून आणली. शाखेच्या मागच्या अंगणात चार महिने उभी होती, तिच्या टपावर शेवगा फुलं गाळायचा. लिलावात आली ती रक्कम कर्जाला पुरी पडली नाही. उरलेल्यासाठी त्यानं एक खाचर विकलं आणि १९९२ साली खातं बंद केलं, तेव्हा माझी भोरहून बदली झालेली होती. पुढे १९९६ मध्ये चेलाडी फाट्यावर तो अचानक भेटला. दुसऱ्याच्या गाडीवर चालक होता. मला वाटलं तोंड फिरवील. त्यानं हात जोडले, म्हणाला, ‘‘सायेब, चहा घ्या.’’ पैसेही त्यानंच दिले. माझ्या खिशातलं पाकीट मी बाहेर काढेपर्यंत उशीर झाला होता, किंवा मी उशीर केला होता.

तो फाटा जिथे फुटतो तिथपर्यंतचा मोठा रस्ता मात्र त्याच पावसात शाबूत राहिला होता. तिथे डांबर निराळं नव्हतं. तिथे एक मैलकुली होता. नव्या वाचकांना हा शब्द ठाऊक नसेल. जुन्या रस्त्यांवर ठरावीक मैलांमागे एक माणूस नेमलेला असे. त्याच्याजवळ फावडं, घमेलं, कुदळ आणि एक लाल निशाण. मे महिन्यात चर उपसायचे, मोऱ्यांची तोंडं मोकळी करायची, कडेचं गवत काढायचं, खड्डा पुरीएवढा असताना बुजवायचा, तो परातीएवढा व्हायची वाट बघायची नाही. आमच्या त्या रस्त्यावरच्या मैलकुलीला सगळे मामा म्हणत. पगार घ्यायला शाखेत यायचे तेव्हाही पावसाळ्यात फावडं बरोबर, दाराबाहेर टेकवून ठेवलेलं. मी एकदा विचारलं, फाट्याचा रस्ता तुमच्या डोळ्यांदेखत गेला, तुम्ही का नाही चर मारलात? ते म्हणाले, ‘‘माजी हद्द फाट्यापत्तुर. म्होरं मानूसच न्हाई.’’ पुढे जुने मैलकुली निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागा भरणं हळूहळू थांबलं. रस्त्याची देखभाल हे निविदेचं काम झालं. निविदा निघते पावसाळा संपल्यावर.

चांगलं काही घडलंच नाही असं मी म्हणणार नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली गरम मिश्रणाच्या पद्धतीनं पुरा झाला, रेकॉन्डो नावाच्या कंपनीनं दहा वर्षांची लेखी हमी देऊन केला, आणि हमी संपल्यावरही कित्येक वर्षं त्यावर खड्डा दिसला नाही. पुणेकर त्याची कथा अजून तीर्थक्षेत्रासारखी सांगतात. माझ्यासारख्या बँकवाल्याला त्यातला दहा हा आकडा महत्त्वाचा वाटतो. आमच्या हमीपत्रात एकच पावसाळा होता. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, डोंगरी भागात अडीचशे वस्तीच्या गावापर्यंत रस्ता न्यायचं ठरलं, आणि कंत्राटातच पाच वर्षांची देखभाल बांधून दिली गेली. हे शहाणपण आपल्याला फार आधी सुचायला हवं होतं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले हे आपल्या ध्यानात असतं, पण १९२७ साली सरकारनं नेमलेल्या रस्ते समितीचे ते अध्यक्ष होते आणि त्यांच्या शिफारशीवरून पेट्रोलवरच्या करातून रस्त्यांसाठी निराळा निधी सुरू झाला, हे कुणी फारसं सांगत नाही. रस्ता बांधायला पैसा लागतो हे आपण तेव्हापासून मानत आलो. तो राखायला माणूस लागतो, हे मानायचं राहून गेलं.

मी २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतर भोर-वेल्ह्याला गेलो तो बहुधा गड चढणाऱ्या मित्रांच्या मागे मागे, पायथ्याशी बसून राहायला. गेल्या पावसाळ्यात मात्र मुद्दाम गेलो. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला; बोलताना मात्र लोक अजून वेल्हेच म्हणतात. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रीघ असते. गावात शिरताना जागोजाग काँक्रीट दिसतं. डांबर टिकत नाही म्हणून काँक्रीट करा, असा आता सगळीकडे धोशा आहे. एका ठिकाणी त्या काँक्रीटच्या लादीखालची माती पाण्यानं धुऊन नेलेली आणि लादी वर तशीच अधांतरी, अशी मी पाहिली. वरून गाड्या जात होत्या.

फाट्यावर गाडी थांबवली. आतला रस्ता आता बरा आहे, पिवळ्या पाटीवर खर्च आणि तारीख लिहिलेली. पाऊस चांगलाच होता. पहिल्या वळणावर, जिथे तेव्हा रस्ता वाहून गेला होता तिथे, इरलं नव्हे पण खताच्या पिशवीची खोळ डोक्यावर घेतलेला एक म्हातारा मोरीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. जवळ गेलो तर मामा. ऐंशीच्या पुढचे असतील. घर फाट्यावरच. त्यांनी मला ओळखलं नाही, बँकेचं नाव सांगितल्यावर ओळखलं. ‘‘पानी तुंबलंय,’’ एवढंच म्हणाले. मोरीत पाचोळा, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कुणीतरी फेकलेलं टायर अडकलं होतं. वरचं पाणी रस्त्याच्या कडेला चाटू लागलं होतं.

मी म्हटलं, मामा, तुम्ही कशाला, ग्रामपंचायतीला कळवू या. ते काही बोलले नाहीत. त्यांची छत्री चिखलात पडली होती, ती उचलून त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘ही जरा धरा. आन् त्या टायराला हात लावा.’’

टायर निघायला बराच वेळ लागला.